बाटली कुणाची, बोट कुणाची

अर्जुनी स्टेशन मागे पडले की गोंदिया-बल्लारशा पॅसेंजरच्या डब्यात एक हालचाल होते. ती टिपायला नजर सवयीची लागते. मांडीवरची पिशवी सीटखाली जाते, सीटखालची पिशवी दुसऱ्याच कुणाच्या बाकाखाली सरकते आणि पिशवीचा धनी दाराशी जाऊन वारा खात उभा राहतो. पुढे वडसा येणार असते. वडसा, कागदोपत्री देसाईगंज, म्हणजे गडचिरोली जिल्हा आणि गडचिरोलीत २७ मार्च १९९३ पासून दारूबंदी आहे. कित्येक दशके त्या अख्ख्या जिल्ह्यात रेल्वेचे हे एकच स्टेशन होते. गाडी तिथे थांबते, सुटते आणि लगेच वैनगंगेच्या पुलावर येते. पूल संपला की ब्रह्मपुरी, म्हणजे चंद्रपूर जिल्हा. तिथे १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली.

म्हणजे आज गोंदियाच्या दुकानातून रीतसर पैसे मोजून घेतलेली सीलबंद बाटली अर्जुनीपर्यंत माल असते, वडशाला गुन्ह्याचा मुद्देमाल होते आणि नदी ओलांडताच पुन्हा माल होते. बाटली तीच, गाडी तीच, माणूसही तोच.

माझे आजोळ नवेगावबांधच्या बाजूचे. या गाडीने मी तीसेक वर्षे जातो-येतो आहे. ती आधी छोट्या लाइनीची होती, रुंद रूळ नंतर आले. बाटलीच्या या प्रवासाबद्दल सविस्तर लिहावे असे मात्र इतक्या वर्षांत कधी मनात आले नव्हते. ते आले माझ्या थोरल्या भावामुळे, तेही समुद्रावरच्या एका गोष्टीवरून.

पुतण्या अमेरिकेत असतो. त्याने आईवडिलांना क्रूझवर नेले. जन्मभर गोंदियाच्या शाळेत शिकवलेला माझा भाऊ आणि वहिनी, दोघांनीही त्याआधी बोट पाहिली होती ती इटियाडोहच्या पाण्यावर. बहामामधल्या नासाऊ बंदरावर सगळे उतरले तेव्हा भावाने तिथल्या दुकानातून रमची एक बाटली घेतली. जुन्या सहकारी शिक्षकाला भेट द्यायची म्हणून. परत बोटीवर चढताना तपासणीच्या यंत्रातून पिशवी गेली आणि तिथल्या मुलीने बाटली बाजूला काढली. भावाला घाम फुटला. परमुलखात, आयुष्यात पहिल्यांदा, दारूची बाटली हातात असताना कुणीतरी गणवेशातल्या माणसाने अडवले होते. तिने बाटलीला चिठ्ठी बांधली, केबिनचा नंबर लिहिला आणि चिठ्ठीचा अर्धा भाग फाडून त्याच्या हातात दिला. शेवटच्या दिवशी बाटली त्याला जशीच्या तशी परत मिळाली.

गोंदियाला आल्यावर त्याने समुद्राचे, बेटांचे, जेवणाचे थोडेफार सांगितले. पण पुन्हा पुन्हा सांगितले ते हेच, की त्यांनी पावती दिली.

या एका वाक्याने मी अडखळलो. आमच्या जिल्ह्यात दारू पकडली गेल्याच्या बातम्या मी वर्षानुवर्षे लिहिल्या. इतके लिटर मोहाचा सडवा नष्ट केला, इतक्या बाटल्या हस्तगत केल्या. ज्याच्या घरातले मडके फुटले त्याच्या हातात कधी कागदाचा तुकडा पडल्याचे मी पाहिले नव्हते. पंचनामा होतो, पण तो पोलिसांच्या फायलीत राहतो.

क्रूझ कंपन्यांचे नियम मग मी मुद्दाम समजून घेतले. कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन अशा मोठ्या अमेरिकी कंपन्यांचा नियम साधारण सारखा आहे. दारू पिण्याच्या वयाच्या प्रवाशाला, तिकडे ते २१ वर्षे आहे, बोटीवर चढायच्या दिवशी ७५० मिलीलिटरची वाइनची किंवा शँपेनची एक सीलबंद बाटली हातातल्या सामानातून नेता येते. व्हिस्की, रम, व्होडका नेता येत नाही आणि लपवून आणलेली सापडली तर ती फेकून दिली जाते. वाटेतल्या बंदरावर विकत घेतलेली बाटली मात्र बोट सांभाळून ठेवते आणि प्रवास संपताना परत करते. आपली वाइन बोटीवरच्या हॉटेलात उघडायची असेल तर बाटली उघडून देण्याचे वेगळे पैसे पडतात. त्याला कॉर्केज म्हणतात.

यामागची कारणे दोन. हजारो माणसे भर समुद्रात आठवडाभर एकत्र असताना कुणी किती प्यायला यावर कुणाची तरी नजर असावी लागते. कठड्यावरून तोल जाणे ही तिथे कल्पनेतली भीती नाही. दुसरे कारण सरळ आहे. बोटीवर बार बोटीचा असतो आणि तिकीट स्वस्त ठेवून कंपनीला जो पैसा मिळवायचा असतो त्यातला मोठा वाटा त्या बारमधून येतो. प्रवाशांनी आपापल्या बाटल्या आणल्या तर बार चालणार कसा? कंपन्या पहिले कारण मोठ्याने सांगतात आणि दुसरे कारण प्रवासी आपणहून ओळखतात. तरी नियम चार ओळींत लिहिलेला असतो आणि तिकीट काढतानाच हातात पडतो. मुंबई-गोवा मार्गावर २०१८ मध्ये आंग्रिया सुरू झाली, नंतर कॉर्डेलियाची मोठी बोट आली आणि हा सगळा मामला आपल्याही किनाऱ्यावर पोचला. विमानाचेही असेच आहे. सामानात देऊन टाकलेल्या बॅगेत माणशी पाच लिटरपर्यंत सीलबंद दारू नेता येते, पण स्वतःची बाटली विमानात उघडता येत नाही. दिल्लीच्या मेट्रोने जून २०२३ मध्ये माणशी दोन सीलबंद बाटल्यांना परवानगी दिली.

आणि आमच्या पॅसेंजरचे? रेल्वेचा १९८९ चा कायदा नशेत असलेल्या माणसाबद्दल बोलतो. कलम १४५ प्रमाणे डब्यात किंवा फलाटावर नशेत सापडलेल्याला, गोंधळ घालणाऱ्याला गाडीतून उतरवता येते, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि पाचशे रुपयांपर्यंत दंड. पिशवीतल्या न फोडलेल्या बाटलीचे काय, हे ठरते गाडी त्या क्षणी ज्या जमिनीवरून धावते आहे त्या जमिनीच्या कायद्याने. गुजरात आणि बिहारमधून जाणाऱ्या गाड्यांचे प्रवासी हे जाणतात. आमच्याकडे मात्र राज्यही बदलत नाही. जिल्हा बदलतो, तोही एका स्टेशनापुरता.

*

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. नकाशा समोर धरला तर त्याच्या चारही बाजूंना दारूचे वेगवेगळे नियम दिसतात. उत्तरेला बाघ नदीपलीकडे बालाघाट, म्हणजे मध्य प्रदेश. पूर्वेला देवरी आणि सालेकसाच्या डोंगरापलीकडे छत्तीसगड. दक्षिणेला गडचिरोली. पश्चिमेला भंडारा, तिथला नियम आमच्यासारखाच. देवरीजवळच्या शिरपूर नाक्यावर ट्रकांची रांग असते. रजेगावच्या पुलावरून बालाघाटच्या बस धडधडत जातात. पण या दोन रस्त्यांखेरीज शेताच्या बांधावरून, नाल्यातून, जंगलाच्या पायवाटेने सीमा ओलांडणारी माणसे रोजची आहेत. त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांच्या गावांत सरकारने केव्हातरी एक रेघ ओढली, इतकेच.

आपल्या राज्याचा कायदा आहे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. तो झाला तेव्हा गोंदिया मुंबई प्रांतात नव्हते. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि त्यानंतर तो कायदा इकडे लागू झाला. आमच्या बाजूला १९३८ चा मध्य प्रांत-वऱ्हाडचा वेगळा दारूबंदी कायदा होऊन गेला होता.

मुंबईचा हा कायदा मी भावाच्या बोटीमुळे पुन्हा काढून वाचला आणि चकित झालो. रेल्वेच्या जेवणाच्या डब्यातली दारूविक्री, जहाज कंपन्यांना आणि कप्तानांना द्यायचा परवाना, मग युद्धनौका, सैनिकांच्या नौका आणि लष्करी मेस, ही तीन कलमे त्यात एकापुढे एक येतात. ३७, ३८, ३९. जहाजाच्या कलमात म्हटले आहे की परवाना घेतलेल्या कप्तानाला प्रवाशांना आणि खलाशांना बोटीवर परदेशी दारू विकता येते, पण जहाज राज्याच्या बंदरात उभे असेल तेव्हा फक्त परवानाधारकांनाच. १९४९ साली, दारू बंद करायला बसलेल्या माणसांनी, समुद्रावरून येणाऱ्या साहेबाची, रेल्वेच्या पहिल्या वर्गातल्या प्रवाशाची आणि सैनिकाची आठवण ठेवली. त्यांच्यासाठी खिडक्या ठेवल्या. मोहाखाली जन्मलेल्या गोंडाची, हलब्याची, परधानाची सोय बघणारे अशा खिडकीचे कलम त्या रांगेत नव्हते. मोहफुलांवर तर उलट बंधने घातली. फूल वेचणे, साठवणे, नेणे-आणणे हेच दारू बनवण्याची तयारी मानले गेले.

या कायद्याला फ्रामजी नसरवानजी बलसारा यांनी आव्हान दिले होते. विलायती दारू सीमाशुल्क नाक्यावरून आणण्याचा-नेण्याचा, बाळगण्याचा आणि पिण्याचा आपला हक्क त्यांनी मागितला. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बहुतेक भाग कायम ठेवला, औषधे आणि अत्तरांसारख्या अल्कोहोलयुक्त वस्तूंवरची बंदी तेवढी रद्द केली. सैन्यदलांना दिलेली सवलत समतेच्या तत्त्वाला धरून आहे, असेही न्यायालयाने म्हटले. वेगळ्या परिस्थितीतल्या लोकांना वेगळा नियम लावता येतो, हे तत्त्व तिथे मान्य झाले. हा निकाल वाचल्यापासून माझ्या मनात एकच प्रश्न घर करून आहे. सैनिकाची परिस्थिती वेगळी आहे हे दिसले, तर ज्यांच्या देवाला मोहाचा थेंब वाहिल्याशिवाय लग्न लागत नाही त्यांची परिस्थिती कुणाला का दिसली नाही?

आजही या कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात घरी बसून व्हिस्की प्यायलाही परवाना लागतो. वर्षाचा शंभर रुपये, आयुष्यभराचा हजार रुपये. बिअरसाठी वय २१, कडक दारूसाठी २५. गोंदियातल्या किती पिणाऱ्यांच्या खिशात हा परवाना आहे ते आपण सगळे जाणतो. राज्याला दारूवरच्या उत्पादन शुल्कातून वर्षाला वीस हजार कोटींहून अधिक रुपये मिळतात. म्हणून मला भावाच्या बोटीतला बार आणि आपले सरकार यांत फार फरक वाटेनासा झाला. बार ज्याचा, बाटलीचा नियम त्याचा.

*

मोहाबद्दल लिहिताना मी शहरातल्या वाचकांसाठी थोडे थांबतो.

मार्चअखेर झाडाची पाने गळून जातात आणि फांद्यांच्या टोकांना तपकिरी मखमली कळ्यांचे घोस येतात. रात्रीतून फुले उमलतात आणि पहाटे गळायला लागतात. ‘पायटे गेलं पायजे’, असे आजी म्हणायची. पायटे म्हणजे पहाटे. ऊन चढले की फूल मऊ पडते, गुरे खातात, हरणे खातात, अस्वल तर त्यावर टपूनच असते. माझी आजी अस्वलाला भिऊन झाडाखाली कंदील ठेवत असे. फूल रसदार, फिकट पिवळे, अंगणात टाकले की चार-पाच दिवसांत मनुक्यासारखे तांबूस होते. वाळलेल्या फुलात निम्म्याहून जास्त साखर असते. त्याचे लाडू होतात, भाकरीत मिसळतात, उकडून खातात, दुभत्या गाईला घालतात. पुढे मे-जूनमध्ये फळे येतात, त्यांना टोळ म्हणतात आणि बियांचे तेल काढतात. वाईट वर्षात हे झाड अख्खे गाव जगवून गेले आहे, असे सांगणारी म्हातारी माणसे अजून आहेत.

आणि दारू होते. वाळलेले फूल मडक्यात भिजत घालायचे, काही दिवस आंबू द्यायचे, मग चुलीवर चढवून वाफ थंड करायची. आंबलेल्या त्या मिश्रणाला सडवा म्हणतात. पोलिसांच्या बातम्यांमधून हा शब्द सगळ्या विदर्भाला माहीत झाला आहे. घरच्या मोहाला मंद गोड वास असतो. बाजारासाठी घाईने काढलेल्या हातभट्टीत नवसागर आणि काय काय पडते, तिचा वास नाकाला झोंबतो. दोन्हींना एकच नाव देऊन, एकाच कलमाखाली दोन्ही मडकी फोडली जातात. विषारी दारूचा धाक खरा आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसे गेली. पण ती मेली मिथेनॉलने, कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या रसायनाने. मोहाच्या फुलाचा त्यात काही संबंध नव्हता.

सालेकसा तालुक्यात दरेकसाच्या पुढे, धनेगावजवळ, कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथे गोंडांची यात्रा भरते. छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातून लोक येतात, पिवळे फेटे आणि झेंडे डोंगर चढतात. आपल्या कोया पुनेम धर्माची मुळे या गुहेत आहेत असे ते मानतात. पेनाला, म्हणजे देवाला, मोहाचा नैवेद्य असतो. जन्माला, लग्नाला, मरणाला जमिनीवर आधी काही थेंब सांडायचे आणि मग माणसांनी घ्यायचे.

आता मध्य प्रदेशातल्या गावाहून एखादे वऱ्हाड सालेकशाकडच्या गावी निघाले आहे असे समजा. मध्य प्रदेशच्या नियमाप्रमाणे आदिवासी कुटुंबाला घरी पंधरा लिटरपर्यंत आणि लग्नकार्यात पंचेचाळीस लिटरपर्यंत मोहाची दारू ठेवता येते. छत्तीसगडमध्येही आदिवासींना स्वतःपुरती, पाच लिटरपर्यंत, सवलत आहे. ते वऱ्हाड बाघ नदी ओलांडून महाराष्ट्रात पाऊल ठेवते आणि त्याच्याजवळचा नैवेद्य त्या क्षणी गुन्हा ठरतो. इकडे सोयरे वाट पाहत उभे आहेत, तेही गोंडच, कूळही एक आणि पेनही एक. त्यांच्या घरातली पाच लिटरसुद्धा कायद्यात बसत नाही.

पेसा कायद्याचे नाव इथे कुणीतरी काढेल. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांबाबत ठरवण्याचा अधिकार त्या कायद्याने दिला, हे खरे. पण गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. गडचिरोलीचा मोठा भाग आहे, चंद्रपूरचा काही भाग आहे, यवतमाळचा आहे. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव इथल्या आदिवासी गावांना मात्र ते कवच नाही. रेघ ओढताना आमचा जिल्हा बाहेर राहिला आणि इतक्या वर्षांत ती दुरुस्ती झाली नाही, ही मला आमच्यावर झालेली सर्वांत मोठी उपेक्षा वाटते.

एक चांगली गोष्ट घडली. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि वाहतूक करणे यांसाठीची परवान्याची अट काढली. त्याआधी पोत्यात फूल घेऊन बाजाराला निघालेली बाईसुद्धा संशयित असे. पण फूल मोकळे झाले, फुलातून निघणाऱ्या थेंबाचे काय ते ठरले नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात सरकारने मोहाच्या दारूला वारसा मद्याचा दर्जा दिला आणि अलीराजपूर, दिंडोरीच्या आदिवासी गटांनी काढलेली बाटलीबंद मोहाची दारू २०२३ मध्ये विकायलाही आणली. आता ती बाटली उद्या एखाद्या क्रूझच्या बारमध्ये दिसली तर मला नवल वाटणार नाही.

*

हे सगळे लिहीत असताना माझ्यासमोर आजीबरोबर मामीही उभी आहे.

माझी मामी दारूने विधवा झाली. मामा मोहाची पीत नव्हता, गावातल्या देशी दारूच्या दुकानाची पीत होता. ते दुकान सरकारमान्य होते. बाटलीवर सील होते, छापील किंमत होती. त्याने धानाचे पैसे घालवले, मग बैल, मग बांधी. मामीने त्या काळात गावातल्या बायकांना घेऊन दुकानासमोर बसायला सुरुवात केली. त्यामुळे दारूबंदीची मागणी म्हणजे शहरी सज्जनांचा उपदेश, असे कुणी म्हटले की मला राग येतो. गडचिरोलीची बंदी लोकांनी मागून घेतलेली आहे. १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सर्च ही संस्था उभी केली. त्यानंतरच्या काही वर्षांत गावोगावच्या माणसांनी, त्यातही बायकांनी, ती मागणी वर नेली. चंद्रपूरच्या बंदीसाठी डिसेंबर २०१० मध्ये बायका चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे पायी चालत गेल्या, पारोमिता गोस्वामींच्या श्रमिक एल्गार संघटनेसोबत. पुढे निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या समितीचा अहवाल आला आणि बंदी उठली, तेव्हा त्याच बायकांना कुणी पुन्हा विचारायला गेले असेल असे वाटत नाही.

बंदीची पळवाट ही खरीच आहे. वैनगंगेतून डोंग्यात भरून रात्री दारू पलीकडे जाते, हे नदीकाठच्या गावांना ठाऊक आहे. ज्या डोंग्यातून ढिवर मासे धरायचा तो भाड्याने जातो आणि पकडला जातो तो ढिवरच. पेट्यांचा मालक कधी नदीवर येत नाही. वडशाला आमच्या गाडीत जो पोरगा दाराशी वारा खात उभा राहतो तोही मालक नसतो. पण पळवाट आहे म्हणून बंदी चुकीची ठरत नाही. गडचिरोलीतल्या कितीतरी बायका आजही सांगतील की नवरा पितो, पण चौकात दुकान नाही म्हणून पोराच्या हाती बाटली पडायला उशीर झाला. तेवढा उशीरही त्यांना हवा आहे. २०१६ पासून तिथे मुक्तिपथ अभियान चालू आहे, त्यात गावाने आपणच दारू विक्री थांबवावी यावर भर आहे.

महाराष्ट्रात गावाला आणखी एक अधिकार आहे, आडव्या बाटलीचा. गावातल्या किंवा प्रभागातल्या एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हे असतात आणि आडव्या बाटलीला ठरलेले बहुमत मिळाले तर दुकान बंद. मामीच्या गावात ते मतदान कधी झाले नाही. सह्या जमल्या, अर्ज गेला, सह्यांची पडताळणी होताना काही बायका घरच्यांच्या धाकाने मागे सरल्या. तोवर मामा गेला होता.

मामीला मी एकदा विचारले होते की मोहाची दारू घरी काढायला परवानगी असावी का? ती बराच वेळ गप्प बसली. ती जातीने गोंड नाही, पण तिच्या शेजारच्या दोन घरांत पेनाला मोहा लागतो. मग म्हणाली की देवाच्या दारूने आमच्या घरचा बैल नाही विकला. दुकानाच्या दारूने विकला. देवाच्या दारूला हात लावायचा असेल तर आधी गावाला विचारा आणि दुकान उघडायचं असेल तरी गावालाच विचारा.

मी कायद्याची पुस्तके चाळली, न्यायालयाचे निकाल वाचले, समुद्रापलीकडच्या कंपन्यांचे नियम वाचले. मामीच्या या उत्तरात आहे तितकी स्पष्टता मला कुठे सापडली नाही. दुकान द्यायचे की नाही हे जर गाव मतदानाने ठरवू शकते, तर पेनासाठी किती लिटर, लग्नासाठी किती, कुणाच्या घरी काढायची आणि विकणाऱ्याला काय शिक्षा, हेही गाव ठरवू शकते. त्यासाठी गोंदियाची आदिवासी गावे अनुसूचित क्षेत्रात घ्यावी लागतील किंवा राज्याच्या कायद्यात आदिवासींच्या मोहासाठी तशीच एक खिडकी ठेवावी लागेल जशी ३८ व्या कलमात कप्तानासाठी ठेवली आहे. एवढे झाले तर बाघ नदीच्या दोन काठांचा नियम एक होईल. ती ओलांडणारा वऱ्हाडी चोर ठरणार नाही. मामीसारख्या बाईच्या हातात नाही म्हणायचा अधिकारही राहील. मला यातले दोन्ही हवे आहे.

*

गेल्या उन्हाळ्यात भाऊ आणि मी आजोळी गेलो होतो. रात्री मुक्काम केला आणि पहाटे चारला शेजारच्या बायकांबरोबर निघालो. अंधारात बॅटऱ्यांचे ठिपके हलत होते. धुऱ्यावरच्या पहिल्या मोठ्या झाडाखाली फुलांचा सडा पडला होता, पण एकही बाई थांबली नाही. सगळ्या पुढे गेल्या. मी विचारले तर कळले की ते झाड एका बाळंतिणीच्या घरचे आहे, तिची सासू दिवस उजाडल्यावर येईल. दुसरे झाड पाटलांच्या बांधावरचे, पण वेचायचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या एका गोंड घराचा. तिसऱ्या झाडाखाली आमच्या सोबतच्या दोघी वाकल्या. कुठे पाटी नव्हती, खूण नव्हती, कुणाच्या हातात कागद नव्हता.

भावाने टोपली घेऊन फुले वेचायला सुरुवात केली. वयाच्या सत्तरीत पाठ दुखते, तरी तो वाकत होता. उजाडल्यावर बाळंतिणीची सासू लगबगीने आली. आपल्या झाडाखालचा सडा जसाच्या तसा पाहून ती काही बोलली नाही. टोपली खाली ठेवली आणि वेचायला बसली.